फक्कीची भिंत

मी भांडखोर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंड वाकडं करायला नको. आमच्या नऊ दुकानांच्या रांगेत कुणाचं कुठेही अडलं की लोक माझ्याकडे येतात, कारण मला भीड कमी आणि आवाज मोठा. आमचे हे अगदी उलट. चाळीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त करतायत आणि गिऱ्हाइकापेक्षा यंत्राशीच जास्त बोलतात. खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या, मध्ये एक लाकडी जिना. त्या जिन्यावरून दिवसातून वीसदा खाली-वर करणारा माणूस सात महिन्यांपूर्वी सकाळी दात घासता घासता खाली बसला तो उठलाच नाही. डावं अंग गेलं होतं. हात परत आला, वाचा परत आली, पाय मात्र अर्धाच आला. तेव्हापासून दुकानाला कुलूप आहे.

उपनगराच्या या टोकाला आमची रांग आणि तिच्या मागचा बंद पडलेला बसडेपो, असं सगळं मिळून नवं बांधकाम होणार हे ठरूनही दोन वर्षं झाली. खाली दुकानं, वर दीडशे बिऱ्हाडं, मध्ये झाडांचा चौक. आम्हा नऊ जणांना त्यात घरही मिळणार होतं आणि दुकानही. त्याचा आराखडा करायला जी मुलगी आली तिला मी आराखडेवाली म्हणते. असेल तिशीची. खांद्याला नकाशांचं नळकांडं, पायात जाड बूट, आणि समोरचा कितीही ओरडला तरी शांतपणे वहीत लिहून घ्यायची खोड. मला त्या खोडीचाच राग. आपण घसा फोडावा आणि समोरच्याने नुसतं लिहावं, यात भांडणाची मजा काय राहिली?

तिच्या पहिल्या नकाशात लिफ्टसमोरच्या दालनातून दुकानांच्या मागे जायला चार फुटांचा बोळ होता. घरातून उतरलं की बोळातून थेट आपल्या दुकानात. मी बैठकीत उभी राहिले. "म्हणजे दुकानात आलेला कुणीही लुंगासुंगा उठून आमच्या लिफ्टपाशी येणार? पोरीबाळी राहणार आहेत वर! भिंत घाला तिथे. सलग." टेबलावर असा हात आपटला की आराखडेवालीचं पेन खाली पडलं. तिने ते उचललं आणि लिहून घेतलं. मग मी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. आमच्या शेजारची बेकरीवाली तेवढी कुरकुरत होती, कारण तिला पहाटे भट्टी पेटवायला बाहेरून वळसा पडणार होता. तिचं आणि माझं तसंही गटाराच्या पाण्यावरून दहा वर्षं विस्तव जात नाही. शेवटी बोळाची ती जागा तिलाच पिठाचं कोठार म्हणून मिळाली, तेव्हा तिनेही सही ठोकली. भिंत मंजूर झाली.

मी त्या दिवशी घरी येऊन यांना म्हटलं, "जिंकले."

"छान," म्हणाले हे, आणि पुन्हा यंत्रात डोकं घातलं. काय जिंकलीस, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तेव्हा यांचे दोन्ही पाय धडधाकट होते.

आता महिन्याभरापूर्वी आमच्या हातात एक अर्ज आला. त्यावर दोन चौकोन. पहिला: घर आणि दुकान. दुसरा: फक्त घर, पण एक खोली जास्त. एकात खूण करायची आणि ठरलेल्या रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची, त्यानंतर आराखडा पुढे मंजुरीला जाणार. आमच्या थोरल्याचा परगावाहून फोन आला, "आई, दुकान सोडा आता. बाबांनी खूप केलं. जास्तीची खोली घ्या." मला पटत होतं आणि पटतही नव्हतं. कारण दुकान बंद झाल्यापासून हे खिडकीशी बसून रस्त्याकडे बघायचे, आणि मी विचारलं की म्हणायचे, "काही नाही." असा माणूस मी कधी पाहिला नव्हता. मला तो आवडत नव्हता, स्पष्टच सांगते.

यांनी मात्र आपली अट घातली. "मला हाताला धरून कुणी दुकानात नेऊन बसवणार असेल, तर नको ते दुकान. माझा मी जाऊ शकलो तर घेऊ. चालून बघतो, मग सांगतो."

"चालून कुठे बघणार? इमारत आहे कुठे?"

"त्या मुलीने सांगितलंय. रविवारी सकाळी ती आख्खी इमारत जमिनीवर काढणार आहे."

मला वाटलं, आजारपणाने बोलतायत.

रविवारी सकाळी डेपोच्या मैदानावर गेलो आणि मी फाटकातच थबकले. सांगायला लागले तर काहीच नाही, नुसत्या रेघा होत्या. खेळाच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की. पण केवढ्या रेघा! पार मागच्या कुंपणापर्यंत खोल्याच खोल्या. स्वयंपाकघरं, न्हाणीघरं, पडव्या, जिने. भिंत असेल तिथे सलग रेघ, खिडकीला तुटक, दाराला मोकळी जागा. दीडशे घरं काही एका जमिनीवर मावत नव्हती म्हणून तिने तळमजला होता तसा त्याच्या जागी काढला होता आणि आमची घरं ज्यावर येणार तो चौथा मजला त्याला लागून, असा की लिफ्टचा चौकोन दोन्हींमध्ये एकच. चौथ्या मजल्याकडून लिफ्टमध्ये शिरायचं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडलं की तळमजला. तिची माणसं दोन दिवस दोऱ्या आणि टेप घेऊन राबत होती म्हणे. एका कोपऱ्यात मोजलेल्या दोरीला लाल फुगा सोडला होता, तो आमच्या खिडकीची खरी उंची. मी मान वर करून बघत राहिले. त्या तिथे, जिथे आत्ता एक पाखरू गेलं, तिथे उभी राहून मी भाजी चिरणार.

आणि लोक! तीनेकशे तरी असतील. सगळ्या वयाची, सगळ्या मापाची. पहिला अर्धा तास कलकलाट होता, मग काय झालं कोण जाणे, सगळे हळू बोलायला लागले. माणसं दारातून आत जात होती, दारातूनच बाहेर येत होती. कुणी रेघ ओलांडत नव्हतं. चष्म्याच्या दुकानवाला आपल्या घरात उभा राहून तुटक रेघेतून बाहेर बघत होता, आणि त्याची बायको त्याला म्हणत होती, "सरक ना, मला पण बघू दे." दोन्ही बाजूंना मोकळं रान पडलं होतं, तरी ती त्याच्या खांद्यावरून वाकून खिडकीतूनच बघत होती! एक छोटी पोर भिंतीतून पळाली तर तिच्या आजीने तिला परत बोलावून दारातून नेलं. मला हसायला हवं होतं. एरवी मी सोडलं नसतं कुणाला. पण अंगावर काटा आला होता, खरंच सांगते. कालपर्यंत जिथे तुटके टायर आणि गवत होतं तिथे माणसं घरात असल्यासारखी वागत होती, आणि घर तर अजून कुठेच नव्हतं.

भिंतींमधून चालणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आराखडेवाली. टेप घेऊन या खोलीतून त्या खोलीत, सरळ आरपार. तिचे बूट घोट्यापर्यंत पांढरे झाले होते. तिला त्या रेघाच दिसत होत्या, बिचारीला.

"काका, सुरुवात कुठून करायची?" तिने यांना विचारलं.

"पलंगावरून."

आमच्या झोपायच्या खोलीत तिने पलंगाचा चौकोनही काढला होता. हे त्याच्या कडेला काठी टेकून उभे राहिले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईने सांगितलं होतं, एका दमात ऐंशी पावलं, फार तर नव्वद, पुढे बसायलाच हवं. ते आम्हा दोघांनाही पाठ होतं. मी बाजूने चालणार म्हटलं तर म्हणाले, "भिंतीतून चालणार आहेस का? माझ्या मागून ये."

मी मागून निघाले आणि मनात मोजायला लागले. खोलीच्या दाराशी सहा. बैठकीची खोली ओलांडून घराच्या दाराशी पंधरा. तिथे हे थांबले, मागे वळून हवेत दार ओढून घेतलं. कुणी हसलं नाही. मग लांब पडवी, डावा पाय घासतोय, काठी टकटक करतेय. लिफ्टच्या दाराशी अडतीस. लिफ्टमध्ये शिरले, तोंड दाराकडे करून उभे राहिले, बोटाने बटण दाबलं आणि वाट बघत राहिले. मीही शेजारी उभी राहिले. दुसरं करणार काय? चार मजले उतरायला लागेल तेवढा वेळ आम्ही दोघं नवरा-बायको त्या पांढऱ्या चौकोनात गप्प उभे होतो. मला शप्पथ वाटलं की खाली जातोय आम्ही.

मग हे तळमजल्यावर बाहेर पडले. दालनातून चौदा पावलं, म्हणजे एकूण बावन्न, आणि समोर रेघ आली. सलग.

"हे काय आहे?"

"भिंत, काका."

"आणि दुकान?"

"पलीकडेच." आराखडेवालीने हात केला. रेघेपलीकडे बेकरीच्या कोठाराची चार फुटांची पट्टी, आणि ती संपली की लगेच आमच्या दुकानाची मागची बाजू. कामाच्या टेबलाचा चौकोनसुद्धा दिसत होता. मुलीने तोही काढून ठेवला होता. इथून फार तर दहा पावलं. "दुकानात जायला मागच्या गेटने बाहेर पडून वळसा आहे. पण आत्ता तुम्ही इथूनच या ना. फक्कीच तर आहे, ओलांडा."

हे तिच्याकडे बघत राहिले. "भिंत म्हणालीस ना?"

"हो, पण…"

"मग ओलांडू कशी?"

तिने खाली बघितलं. आपले पांढरे बूट बघितले असणार. रेघेवर पडलेला पाय तिने हळूच मागे घेतला.

हे वळले आणि मागच्या गेटाकडे निघाले. मी मोजत होते. साठ. गेटाबाहेर एकाहत्तर. इमारतीचा कोपरा आता आला असं वाटावं तर तो येतच नव्हता. कागदावर तो वळसा माझ्या बोटाएवढा होता हो! मी स्वतः त्या कागदावर बोट ठेवून बायकांना सांगितलं होतं, इतकंसं चालायला काय होतंय तुम्हाला. चौऱ्याऐंशी. यांचा पाय थरथरायला लागला. नव्वद. त्र्याण्णव. शहाण्णवाव्या पावलाला हे काठीवर वाकले. चष्मेवाल्याने कुठूनशी खुर्ची आणून मागून लावली म्हणून, नाहीतर खालीच आले असते. रस्त्याच्या बाजूचं दुकान अजून शंभरावर पावलं लांब होतं.

हे बराच वेळ नुसता श्वास घेत बसले. मग खिशातून तो अर्ज काढला आणि माझ्याकडे दिला. "दुसऱ्या चौकोनात खूण कर. खोली जास्त मिळतेय, वाईट नाही. थोरला आला की त्याला झोपायला होईल."

इतकं सहज बोलले की माझ्या काळजाचं पाणी झालं. ओरडले असते, नशिबाला शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्यातली मी माहीर आहे.

"एक विचारू?" हे आराखडेवालीला म्हणाले. रागाने नाही. यंत्र बिघडल्यावर कुठे बिघडलं ते विचारावं, तसं. "ती मधली भिंत कुणाच्या डोक्यातून निघाली?"

मुलीने वही उघडली. त्यात तारीखवार सगळं लिहिलेलं होतं, मला ठाऊक आहे. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लोकांची मागणी होती, काका," म्हणाली आणि वही मिटली.

वर्षभर मी त्या पोरीला तिच्या लिहिण्यावरून बोल लावले होते. "माझ्या," मी म्हटलं. "माझ्या डोक्यातून. भिंत माझी आहे."

यांनी माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"तरीच," म्हणाले. "एवढी सलग."

आणि मी रडले. भर मैदानात, तीनशे माणसांत. माझ्या सासूच्या मरणाला मी रडले नव्हते, ते लोक अजून काढतात. नाक पुसलं आणि आराखडेवालीला म्हटलं, "पुसून टाक ती. बोळ परत दे. आजच्या आज."

"मला चालेल, काकू. अजून कागद माझ्याकडेच आहेत. पण ती जागा आता बेकरीची आहे. त्यांनी सोडली तरच."

बेकरीवाली पहिल्या रांगेतच उभी होती, हाताची घडी घालून. तिच्या तोंडावर काय होतं ते मला बघवेना. मला आयुष्यात कुणाकडे काही मागायची सवय नाही, मी हिसकावून घेते. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि शब्दच फुटेना.

"बोल की," ती म्हणाली. "टेबलावर हात आपटताना तर फुटत होता आवाज."

"चुकलं माझं. तो बोळ हवाय गं. यांच्यासाठी."

"वा! भिंत तुझी, कोठार माझं, आणि पाय दुखायचे यांचे!" एवढं बोलून ती पाठ फिरवून चालू लागली. संपलं, मी मनात म्हटलं. माझ्या हातातला अर्ज घामाने ओला झाला होता. मी पेन शोधायला लागले.

तेवढ्यात चष्मेवाल्याच्या बायकोने माझा दंड धरून पलीकडे बोट दाखवलं. बघते तर बेकरीवाली घरी गेलीच नव्हती. सगळा वळसा घालून ती रस्त्याच्या बाजूला पोचली होती. बेकरीच्या दारातून आत शिरली, भट्टीच्या चौकोनाला बगल देऊन मागे कोठारात आली, आणि भिंतीच्या त्या अंगाने खाली बसून दोन्ही तळव्यांनी फक्की पुसायला लागली. कोपरापर्यंत पांढरी झाली. आम्ही सगळे दालनाच्या बाजूला जमलो. भिंतीत आधी एक भोक पडलं, मग ते रुंद होत गेलं. इतक्या माणसांना सकाळपासून अडवून धरणारी भिंत होती ती, आणि एका बाईच्या हाताने जात होती. मी तोंड उघडं टाकून बघत उभी होते.

"चार फूट," ती उठत म्हणाली. "बोटभरही जास्त नाही. आणि दाराला कुलूप हवं, किल्ल्या आपल्या नऊ घरांनाच." मग माझ्याकडे बघून, "तुझ्यासाठी नाही केलं. माझ्या आईचं यंत्र यांनी तीनदा उठवलंय."

आराखडेवालीने दुकानाच्या मागच्या रेघेतही दाराएवढी जागा पुसली. ती आता दारांतून चालत होती, हे माझ्या लक्षात आलं.

यांनी अर्धा तास विश्रांती घेतली आणि म्हणाले, "पुन्हा पलंगावरून." मी म्हटलं, दालनापासून निघा की. ऐकतील तर ना! पुन्हा सहा, पंधरा, दार ओढून घेणं, अडतीस, लिफ्ट. या वेळी लिफ्टच्या दोन्ही बाजूंना माणसं दाटीने उभी होती आणि तरीही आत कुणाचा पाय नव्हता. बावन्न. जिथे भिंत होती तिथे यांनी काठी आधी पुढे टेकवली, मग चांगला पाय, मग वाईट. बोळ. आमचं मागचं दार. एकसष्टाव्या पावलाला हे कामाच्या टेबलाशी पोचले. चष्मेवाल्याने खुर्ची धावतपळत बाहेरून, पुढच्या दाराने आणून ठेवली. हे बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवल्या असत्या तर मी एकेकाला बघून घेतलं असतं.

सात महिन्यांनी माझा माणूस त्याच्या दुकानात बसला होता, आणि डोक्यावर छप्पर नव्हतं, बाजूला भिंती नव्हत्या, वर आभाळ होतं आणि लाल फुगा. मला त्याच्याकडे टक लावून बघायची लाज वाटली नाही.

रस्त्याच्या बाजूने एक बाई आली. आमच्या ओळखीची नव्हती. नव्याने राहायला येणाऱ्यांपैकी असावी. दुकानाच्या पुढच्या रेघेशी ती थांबली. "तुम्हीच ना ते शिवणयंत्रवाले? माझ्या यंत्राचे टाके सुटतायत. कुणाला जमेना झालंय."

"जाड कापडावर की सगळ्यावर?" यांनी विचारलं.

"जाडावर."

"सुई बदलून पाहिलीत?"

"दोनदा."

"मग घेऊन या. दहानंतर मी इथेच असतो."

बाईने मान डोलावली, जसं काही उद्याच येणार होती. आराखडेवाली माझ्याजवळ आली आणि वही काढून हळूच म्हणाली, "काकू, अर्जात काय लिहू मग?"

"डोळे फुटलेत का तुझे?" मी म्हटलं. "गिऱ्हाईक उभं आहे."